दिंडोरीची शाळा आणि आदिवासींचे ज्ञान

दिंडोरी तालुक्याचे दोन भाग पडतात आणि नकाशावर रेघ न ओढताही ते ओळखू येतात. पूर्वेकडे कादवेच्या खोऱ्यातील सखल जमीन, पालखेड, करंजवण, ओझरखेड व वाघाड या धरणांचे पाणी आणि त्या पाण्यावर वाढलेले द्राक्षांचे मळे. तर पश्चिमेकडे ननाशीच्या बाजूने पेठ-सुरगाण्यास भिडणारा डोंगराळ मुलूख. या दुसऱ्या भागात कोकणा, महादेव कोळी, वारली या जमातींची वस्ती दाट आहे. तेथील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून असून भात, नागली, वरई, उडीद व खुरासणी ही तिची परंपरागत पिके होत. पूर्वेच्या गावांतही आदिवासी कुटुंबे आहेत. पण त्यांतील पुष्कळशी मळ्यांवरील मजुरीच्या निमित्ताने तेथे असतात.

या दोन्ही भागांतील मराठी शाळांत पुस्तक मात्र एकच चालते. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यास पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाची, म्हणजेच 'बालभारती'ची, स्थापना झाली आणि तेव्हापासून राज्यभर प्राथमिक पुस्तकांत एकरूपता आली. पुस्तके स्वस्त झाली, वेळेवर मिळू लागली व त्यांचा दर्जाही उंचावला. हे श्रेय मान्य करूनच पुढील प्रश्न विचारावयाचा आहे. ननाशीकडील डोंगरातून पहिलीच्या वर्गात येणारे मूल बरोबर जे ज्ञान घेऊन येते, त्याचे शाळा काय करते?

'आदिवासी संस्कृतीचा अभ्यासक्रमात समावेश' हा शब्दप्रयोग आता रुळला आहे. त्याचा अर्थ बहुधा असा घेतला जातो की, एखाद्या पाठात आदिवासी सणाचे वर्णन यावे, स्नेहसंमेलनात एक आदिवासी नृत्य व्हावे आणि शाळेच्या भिंती वारली चित्रांनी रंगवाव्यात. जिव्या सोमा मशे यांच्या हातून जगभर पोहोचलेली वारली चित्रकला आज महाराष्ट्रातील असंख्य शाळांच्या भिंतींवर दिसते. ती दिसावी यात गैर काहीच नाही. परंतु लग्नाच्या चौकाभोवती, देवतेच्या उपस्थितीत, सुवासिनींच्या हातून काढले जाणारे हे चित्र भिंतीवर केवळ नक्षी म्हणून उतरते, तेव्हा त्याच्याबरोबर कोणतेही ज्ञान शाळेत येत नाही. भिंत आदिवासी होते आणि फळा पूर्वीसारखाच राहतो. संस्कृतीला अलंकाराचे स्थान द्यावयाचे की ज्ञानाचे, हा या विषयातील खरा वाद आहे. आणि पहिले स्थान देणे अतिशय सोपे असल्यामुळेच दुसरे दुर्लक्षित राहिले आहे.

या वादाची मुळे जुनी आहेत. १९३५ च्या कायद्यान्वये जे 'अंशतः वर्जित प्रदेश' ठरविण्यात आले, त्यांत नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुका व पेठ महाल यांचा समावेश होता, दिंडोरीचा नव्हता. मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन यांच्याकडून याच प्रदेशांतील वन्य जमातींची पाहणी करविली व १९३९ मध्ये तो अहवाल प्रसिद्ध झाला. सावकार, जमीनदार व जंगलखाते यांच्या कचाट्यात सापडलेल्या माणसांचे जे चित्र त्यात आहे, ते आजही वाचकाला अस्वस्थ करते. दिंडोरीचा डोंगराळ भाग मात्र महसुली हद्दीमुळे या पाहणीच्या कक्षेबाहेर राहिला. पुढे १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने तालुक्यातील निवडक गावे अनुसूचित क्षेत्रात आली आणि उरलेली बाहेर राहिली. एकाच तालुक्यातील दोन शेजारी शाळांना त्यामुळे वेगवेगळे नियम लागू होऊ शकतात. मुलांची बोली मात्र या रेघेपाशी बदलत नाही.

विद्वानांच्या पातळीवर हा वाद व्हेरिअर एल्विन आणि गो. स. घुर्ये यांच्या नावांनी ओळखला जातो. १९४३ साली घुर्ये यांनी आदिवासींना 'मागासलेले हिंदू' म्हणून मुख्य समाजात सामावून घेण्याचा पक्ष मांडला, तर एल्विन यांचा भर त्यांच्या जीवनपद्धतीच्या रक्षणावर होता. पुढे 'नेफा'च्या अनुभवातून एल्विन यांची भूमिका बरीच मवाळ झाली आणि त्यांच्या ग्रंथास लिहिलेल्या प्रस्तावनेत पंडित नेहरूंनी लोकांवर बाहेरून काही न लादता त्यांना त्यांच्या प्रकृतीनुसार वाढू द्यावे, हे तत्त्व सांगितले. शाळेच्या बाबतीत मात्र व्यवहारात घुर्ये यांचाच पक्ष विजयी झाला, असे म्हणावे लागते. १९३७ मध्ये दादासाहेब बिडकर यांनी डांग सेवा मंडळ स्थापन करून नाशिक जिल्ह्याच्या डोंगराळ भागात शिक्षणाचे काम उभारले. जेथे कोणीही जावयास तयार नव्हते तेथे शाळा व वसतिगृहे नेणाऱ्या त्या पिढीचे ऋण मोठे आहे. १९५३-५४ पासून स्वयंसेवी संस्थांच्या आश्रमशाळांना अनुदान मिळू लागले आणि १९७२-७३ पासून शासकीय आश्रमशाळा निघाल्या. या साऱ्या खटपटीत मूल शाळेपर्यंत आणणे हेच पहिले ध्येय होते व ते स्वाभाविकही होते. आलेल्या मुलाला काय शिकवावे, याचा स्वतंत्र विचार करण्यास फारशी उसंत मिळाली नाही.

मूलोद्योग शिक्षणाच्या रूपाने अशी एक संधी आली होती. १९३७ च्या वर्धा परिषदेतून निघालेल्या या योजनेचे तत्त्व, म्हणजे हातच्या कामातून ज्ञानाकडे जाणे, डोंगरातील मुलाला जितके मानवले असते तितके क्वचितच कोणाला. प्रत्यक्षात पुष्कळ शाळांत उद्योग म्हणजे टकळीवरची सूतकताई एवढाच अर्थ उरला. ज्या डोंगरात कापूस पिकत नाही तेथेही टकळी गेली. बांबू, पळसाची पाने, मोहाची फुले, घायपात ही दाराशी असलेली सामग्री मात्र पाठटाचणात आली नाही.

याच्या उलट उदाहरण शेजारच्या ठाणे (आता पालघर) जिल्ह्यातील आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले काम १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर गेले. बालवाडीत मुले येत नाहीत, असे दिसताच बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेण्यात आली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून कुरणात शाळा भरविण्यात आली. 'अंगणवाडी' हा शब्द पुढे देशभर गेला, 'कुरणशाळा' हा मात्र मागे पडला. वास्तविक दोहोंत कुरणशाळेची कल्पना अधिक मूलगामी होती. कारण मुलाच्या कामाचा दिवस हाच वेळापत्रकाचा आधार, हे तिने मान्य केले होते. माँटेसोरीची महागडी साधने बाजूस ठेवून बिया, शंख-शिंपले, पाने व बांबूचे तुकडे यांवर गणन शिकविण्याची कोसबाडची रीत दिंडोरीच्या कोणत्याही वस्तीत आजही चालू शकेल.

परंतु साधने बदलली तरी भाषेचा प्रश्न शिल्लक राहतोच. कोकणा ही बोली गोमंतकाच्या कोकणीहून वेगळी आहे. दक्षिण गुजरातेतील डांग-वलसाडपासून नाशिक-धुळ्याच्या डोंगरांपर्यंत ती पसरली असून मराठी, खानदेशी व गुजराती या तिन्हींशी तिचे नाते जुळते. दिंडोरीतील मुलाची अडचण अशी की त्याची बोली मराठीपासून पुरेशी दूर नाही. ती पूर्णपणे परकी असती, तर शिक्षकाने दुभाषा तरी शोधला असता. ती जवळची असल्यामुळे तिला 'अशुद्ध मराठी' समजले जाते आणि मुलाच्या प्रत्येक वाक्यावर दुरुस्तीची लाल रेघ ओढली जाते. दुसऱ्या भाषेतील वाक्य चुकीचे नसते, ते केवळ दुसऱ्या भाषेतील असते, हा भेद शिक्षकास शिकविला जात नाही. परिणामी पहिल्या दोन वर्षांत मूल भाषा शिकण्याऐवजी गप्प राहणे शिकते.

कायद्यात याची जाणीव नाही, असे नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेल्या ३५०-अ या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास राज्यांना सांगितले आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर प्रारंभीच्या टप्प्यावर आदिवासी भाषांत अभ्यासक्रम व साहित्य तयार करून पुढे प्रादेशिक भाषेकडे वळण्याची व्यवस्था करावी, असे स्पष्ट म्हटले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात मातृभाषेच्या माध्यमाचा उल्लेख 'व्यवहार्य असेल तेथवर' या शब्दांनिशी आला आणि २०२० च्या धोरणातही 'शक्य असेल तेथे' अशीच पुस्ती आहे. या पुस्तीच्या आडोशाने पुष्कळ काही टळते. ओडिशाने २००६ मध्ये संथाळी, सौरा, कुई, जुआंग इत्यादी दहा भाषांतून बहुभाषिक प्राथमिक शिक्षणास आरंभ केला, तेव्हा व्यवहार्यतेच्या अडचणी तेथेही होत्या. त्यांतील काही भाषांना स्वतःची लिपी नव्हती व त्यांच्यासाठी ओडिया लिपी वापरण्यात आली. कोकणासाठी देवनागरी सहज उपलब्ध आहे.

अलंकार आणि ज्ञान यांतील भेद स्पष्ट करण्यासाठी राबाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. भाताचे किंवा नागलीचे रोप करण्यापूर्वी, उन्हाळ्यात, रोपाच्या जागेवर झाडांचे टहाळ, पालापाचोळा, गवत व शेण यांचे थर पसरून त्यांवर मातीचा पातळ थर देतात आणि ते भाजतात. पहिल्या पावसानंतर तेथे बी पेरले जाते व रोप हाती आले की आवणी होते. पश्चिम दिंडोरीतील सात-आठ वर्षांच्या मुलाने हे सारे पाहिलेले असते. बहुधा टहाळाचे भारे वाहिलेलेही असतात.

आता याच कृतीत शाळेचे किती विषय आहेत ते पाहावे. भाजणीच्या उष्णतेने तणाचे बी व काही किडी नष्ट होतात. राखेतून पोटॅश मिळते. भाजलेली माती भुसभुशीत झाल्याने रोप मुळासकट सहज उपटता येते. हे विज्ञान झाले. राबाची जागा आणि आवणीचे शेत यांचे परस्परप्रमाण, लागणारे भारे, माणसे व दिवस यांत अंकगणित आहे. कोणत्या झाडाचा टहाळ घ्यावयाचा व कोणत्याचा नाही, सादड्याची फांदी किती ठेवून तोडावयाची म्हणजे झाड पुन्हा फुटते, यात वनस्पतिशास्त्र आहे. आणि ते पुस्तकापेक्षा म्हातारीला अधिक अवगत असते.

पण राबाचा पाठ येथे संपत नाही. टहाळ जंगलातून येतो आणि १८७८ च्या वनकायद्याने जंगल राखीव झाल्यावर तोच टहाळ गुन्ह्याचा विषय बनला. ठाणे-कुलाब्याकडील जंगलांच्या निमित्ताने १८८५ ते १८८७ या काळात नेमलेल्या मुंबई वन आयोगासमोर राब हा मोठा वादविषय होता. राबाने जंगल नासते, असे वनखात्याचे म्हणणे; तर राबावाचून डोंगरी जमिनीत पीक येत नाही, असे शेतकऱ्यांचे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकात वननिवासी आदिवासींवर 'ऐतिहासिक अन्याय' झाल्याची कबुली आली, तीही याच वादाची दूरची परिणती होय. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईस पायी गेलेल्या शेतकऱ्यांत सुरगाणा, पेठ, दिंडोरी या तालुक्यांतील आदिवासी मोठ्या संख्येने होते व वनजमिनीचे पट्टे ही त्यांची प्रमुख मागणी होती. अनेक मुलांचे आईबाप त्या मोर्चात चालले. राब शाळेत आणला, तर हा सारा इतिहास त्याच्या मागोमाग येतो. सणाच्या वर्णनाने कोणी अस्वस्थ होत नाही, राबाने मात्र होते. अभ्यासक्रम ठरविणाऱ्यांना नृत्य जवळचे आणि शेती दूरची का वाटते, याचे एक कारण येथे सापडावे.

नागलीचेही असेच आहे. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात ते दहाच्या आसपास. वर्गातील मुले जी भाकरी डब्यात लपवून आणतात, तिच्याविषयीचा हा तक्ता त्याच वर्गातील आहाराच्या पाठात असू नये, हे चमत्कारिक आहे. मापांच्या बाबतीत तर घरातील परंपरा फारच सुरेख आहे: दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली. ही मापे केवळ आदिवासींची नव्हेत, साऱ्या ग्रामीण महाराष्ट्राची आहेत. तथापि दुपटीच्या या जिन्यावरून चढत निळव्यापासून पायलीपर्यंत चौसष्टपट गाठणारे मूल घातांकांच्या उंबरठ्यावर उभे असते. शाळा मात्र त्याला लिटर-मिलिलिटरपासून नव्याने आरंभ करावयास लावते.

श्रद्धा व विधी यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आश्विन वद्य द्वादशीस उर्वरित महाराष्ट्र वसुबारस पाळतो, त्याच दिवशी या डोंगरात वाघबारस असते. गुराखी मुले घरोघर धान्य मागून आणतात, वाघ, चंद्र, सूर्य व नाग कोरलेल्या वाघदेवापुढे खीर शिजते आणि गुरांचे रक्षण मागितले जाते. एकाच तिथीस गाईची व वाघाची पूजा करणारे दोन शेजारी समाज, हा तौलनिक अभ्यासाचा किती सुंदर विषय आहे! तो पाठात घेण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. मार्गशीर्षातील डोंगऱ्यादेवाचे व्रत, त्यातील पावरीचा सूर व नाच, यांविषयीही मुलांकडून लिहून घेता येईल. परंतु काशाच्या थाळीत मेणाने काडी बसवून, तिच्यावरून बोटे ओढीत, त्या घुमणाऱ्या नादावर ज्या कथा कोकणा कथेकरी सांगतो, त्यांतील काही विधीशी बांधलेल्या असतात. कणसरीची, म्हणजे धान्यमातेची, कथा केवळ गोष्ट नव्हे. बोहाड्यात सोंगाचा मान ठराविक घराण्याकडे असण्याची प्रथा अनेक गावी आहे आणि मुखवटा बाहेर काढण्यापूर्वी त्याची पूजा होते. अशी सोंगे पुठ्ठ्याचे मुखवटे लावून बक्षीससमारंभात सादर करणे हा समावेश नव्हे. गावाच्या दृष्टीने ती आगळीकही असू शकते. काय वर्गात यावे आणि काय गावातच राहावे, हे ठरविण्याचा अधिकार पाठ्यपुस्तक मंडळाचा असू शकत नाही. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस १९९६ च्या पेसा कायद्याने आपल्या परंपरा व सांस्कृतिक वारसा यांच्या रक्षणाचा अधिकार दिला आहे. या अधिकाराचा शाळेशी संबंध जोडून पाहण्यास अजून पुष्कळ वाव आहे.

अन्य देशांच्या अनुभवातही प्रश्न शेवटी अधिकारापाशीच येऊन थांबलेला दिसतो. कॅनडात मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवण्याचे धोरण शतकाहून अधिक काळ चालले. १९७२ मध्ये तेथील मूळ रहिवाशांच्या राष्ट्रीय संघटनेने जे निवेदन सरकारपुढे ठेवले, त्यातील मुख्य मागणी पुस्तकात आपले पाठ घालण्याची नसून शिक्षणाची सूत्रे पालकांच्या व स्थानिक समाजाच्या हाती देण्याची होती. न्यूझीलंडमध्ये १९८२ साली माओरी कुटुंबांनी लहान मुलांसाठी 'भाषेची घरटी' काढली. शासनाच्या अभ्यासक्रमाची वाट न पाहता आजीआजोबांनीच मुलांशी माओरीतून बोलावयास आरंभ केला. आपल्या आश्रमशाळांची कॅनडातील त्या शाळांशी सरसकट तुलना करणे अन्यायाचे होईल, कारण येथे मुले बळाने नेली गेली नाहीत आणि भाषा पुसण्याचा हेतूही नव्हता. तरीही वर्षातील दहा महिने आजीपासून दूर राहणाऱ्या मुलाकडे आजीचे ज्ञान कोणत्या वाटेने येणार, हा प्रश्न हेतू चांगला असल्याने सुटत नाही.

इतिहासाचे पुस्तक दिंडोरीस अपरिचित नाही. ऑक्टोबर १६७० मधील वणी-दिंडोरीची लढाई याच मुलखात झाली आणि मोगलांना वर्षानुवर्षे झुंजविणारा रामशेज किल्ला याच तालुक्यात आहे. १८४८ मध्ये ठाण्यास फाशी गेलेला राघोजी भांगरे किंवा १८५७ नंतर नाशिक-नगरच्या सरहद्दीवर लढलेला भागोजी नाईक यांची नावे अलीकडे सभांतून ऐकू येतात, हे चांगलेच झाले. मात्र वीरांच्या नामावळीत दोन नावांची भर घातली म्हणजे काम भागले, असे समजण्याचा मोह टाळावयास हवा. हे लोक कशासाठी उठले, याचा शोध सावकारी, जमीन व जंगल यांच्या वहिवाटीपाशीच येतो; म्हणजे पुन्हा राबाच्याच शेताशी.

व्यवहारतः आरंभ कोठून करावा, याचे एक उत्तर बालभारतीच्याच परंपरेत आहे. तिसरीच्या वर्गासाठी तिने जिल्हावार भूगोलाची पुस्तके काढली होती. नाशिकच्या मुलाला नाशिकचा व रत्नागिरीच्या मुलाला रत्नागिरीचा भूगोल, हे तत्त्व एकदा मान्य झाले होते. जिल्ह्याऐवजी बोली व निसर्ग यांचा पट्टा घेतला, तर पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर व पश्चिम दिंडोरी मिळून एक पूरक पुस्तक होऊ शकते. त्यासाठी पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे आणि आदिवासी विकास आयुक्तालय तर नाशिकातच आहे. शिक्षकांच्या बाबतीत २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील काही पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरण्याची तरतूद केली. तिच्यावरून न्यायालयीन वादही झाले. पण स्थानिक शिक्षक मिळाला, तरी अध्यापक विद्यालयाने त्याला घरची बोली वर्गाबाहेर ठेवावयास शिकविलेले असते. कित्येकदा असा शिक्षकच बोलीविषयी अधिक कठोर असतो, कारण तिच्यामुळे झालेला उपहास त्याने स्वतः सोसलेला असतो. पालकांचेही म्हणणे दुर्लक्षून चालणार नाही. घरचे ज्ञान घरी आहेच, शाळेने मराठी व इंग्रजी शिकवावे, असे ते म्हणतात तेव्हा ते अज्ञानाने बोलत नसतात. नोकरीची दारे कोणत्या भाषेत उघडतात, हे त्यांना अभ्यासकांइतकेच ठाऊक आहे. म्हणून स्थानिक पाठ हा परीक्षेबाहेरचा 'उपक्रम' म्हणून ठेवला, तर पालकच प्रथम त्याला नाकारतील. राबावरील प्रश्नाला विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत गुण असतील, तरच त्याला वर्गात किंमत येईल.

एक अडचण मात्र अशी आहे की तिला सोपे उत्तर नाही. खरिपाची कापणी आटोपली की पश्चिमेकडील कित्येक कुटुंबे मजुरीसाठी घर सोडतात; काही दूर जातात, पुष्कळशी याच तालुक्याच्या पूर्वेस किंवा निफाडकडे द्राक्षांच्या छाटणी-विरळणीच्या कामावर येतात. मागे राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तरीही बरीच मुले आईबापांबरोबर जातात आणि मळ्याजवळच्या शाळेत चार-पाच महिने बसतात. तेथे वर्ग अनोळखी, शिक्षक अनोळखी, बोलीला हसणारी मुले भोवताली. अशा मुलाला ओळखीची असते ती एकच वस्तू, ते पुस्तक. कारण ते दोन्ही शाळांत एकच आहे आणि ज्या पानावर त्याने डोंगरातील शाळा सोडली, त्याच पानावर ते मळ्यातील शाळेत उघडता येते. डोंगराचे वेगळे पुस्तक झाले, तर हा धागा तुटेल. यास्तव पूरक पुस्तक केवळ पश्चिमेच्या शाळांपुरते न ठेवता पूर्वेच्या शाळांतही लावावे लागेल. बागायतदाराचे मूल आणि मजुराचे मूल यांनी राबाचा पाठ एका बाकावर बसून वाचावा लागेल आणि त्या दिवशी वर्गात अधिक माहिती असणारे मूल दुसरे असेल.